हवा धुणारा दगड

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात विहीर खणायला घेतली की माती आणि मुरूम संपल्यावर बऱ्याच ठिकाणी एक मऊसर, पांढऱ्या ठिपक्यांचा खडक लागतो. खालच्या काळ्या पाषाणाला सुरुंग लावावा लागतो, हा मात्र पहारीलाही दाद देतो. त्याच्या ढेपा फोडल्या की आत लहानमोठ्या पोकळ्या दिसतात आणि त्यांच्या कडांना पांढरे, क्वचित गुलाबी झाक असलेले स्फटिक चिकटलेले असतात. खणणाऱ्याला त्यांचं कौतुक नसतं, पोरं तेवढे दोन-चार खडे खिशात टाकतात. हेच झिओलाइट. जळगाव, नाशिक, पुणे, नगर या भागांतल्या खाणींमधून निघालेले त्याचे देखणे नमुने जगभरच्या संग्रहालयांत काचेआड मांडलेले आहेत.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. थिजताना त्यांत वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या थरांतून गरम पाणी झिरपत राहिलं आणि पाण्यात विरघळलेलं सिलिकॉन, ॲल्युमिनियम, सोडियम, कॅल्शियम त्या रिकाम्या जागांत स्फटिकरूपाने साचत गेलं. खानदेशात या इतिहासाची आणखी एक खूण आहे. लाव्हा वर येताना ज्या भेगांत थिजला त्या उभ्या दगडी भिंती, म्हणजे डाइक. नंदुरबार-धुळे पट्ट्याचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात १४,५०० चौरस किलोमीटरांत एक किलोमीटरहून लांब अशा २१० डाइकची नोंद आहे. बहुतेक सगळ्या पूर्व-पश्चिम धावणाऱ्या. सर्वांत लांब डाइक साक्रीकडून धुळ्यावरून पारोळ्याच्या दिशेने ७९ किलोमीटर गेली आहे. या भिंती ज्या जुन्या थरांना चिरून वर आल्या, ते थर झिओलाइटने भरलेले आहेत.

या प्रकरणाचा विषय माणसाने अंतराळात महिनोन् महिने, वर्षानुवर्षं राहण्यासाठी लागणारी घरं आणि यानं हा आहे. त्यात साक्रीचा दगड शिरतो तो श्वासावाटे.

माणूस दिवसाला साधारण ८४० ग्रॅम ऑक्सिजन घेतो आणि सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. बंद डब्यात ऑक्सिजन संपण्याच्या कितीतरी आधी हा दुसरा वायू जिवावर उठतो. डोकं दुखतं, चिडचिड होते, निर्णय चुकतात, मग शुद्ध जाते. म्हणून यान बांधणाऱ्यापुढचा पहिला प्रश्न इंजिनाचा नसतो. या रोजच्या एक किलोचं करायचं काय, हा असतो.

चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांनी सोपा मार्ग घेतला. लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे हवेच्या वाटेत ठेवायचे. ते कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात, भरले की काढून टाकायचे. एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ वर स्फोट झाला आणि तिघा अंतराळवीरांना चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात आसरा घ्यावा लागला, तेव्हा तिथले डबे गोल आणि मुख्य यानातले चौकोनी निघाले. प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा आणि चिकटपट्टी यांनी तो सांधा जुळवला गेला. ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. तिच्यामागचं गणित मात्र फारसं कोणी सांगत नाही. एक किलो कार्बन डायऑक्साइडसाठी एक किलोहून थोडं अधिक लिथियम हायड्रॉक्साइड खर्ची पडतं. मंगळावर जाऊन परत यायला अडीच वर्षं, म्हणजे सुमारे ९०० दिवस लागतील असं धरलं आणि चार माणसं धरली, तर नुसतं रसायनच चार टनांच्या घरात जातं, डब्यांचं वजन वेगळं. चौदा दिवसांच्या प्रवासाला जे चालतं ते नऊशे दिवसांना चालत नाही. अंतराळातल्या मुक्कामाची आखणी बदलते ती याच जागी: किती वाहून नेता येईल याला फारसा अर्थ उरत नाही, नेलेलं पुन्हा पुन्हा किती वापरता येईल त्यावर सगळं ठरतं.

१९७३-७४ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकावर तीन तुकड्या अनुक्रमे २८, ५९ आणि ८४ दिवस राहिल्या. तिथे हवा शुद्ध करण्याचं काम झिओलाइटकडे दिलं होतं. झिओलाइटच्या स्फटिकात आरपार सूक्ष्म बोगदे असतात, इतके अरुंद की त्यांची रुंदी रेणूंच्या मापाने मोजावी लागते. बोगद्यांच्या भिंतींशी सोडियम किंवा कॅल्शियमचे विद्युतभारित कण बसलेले असतात. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत विद्युतभार सगळीकडे सारखा पसरलेला नसल्यामुळे तो या कणांकडे ओढला जातो आणि आत अडकतो. रासायनिक बदल काही होत नाही, त्यामुळे दगड खर्च होत नाही. तो तापवला, किंवा त्याच्याभोवतीचा दाब काढून घेतला, की पकडलेला वायू सोडून देतो आणि पुन्हा कामाला तयार होतो. १७५६ साली क्रॉनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने असाच एक दगड तापवला, तेव्हा त्यातून वाफ उसळताना त्याला दिसली होती. ते त्या बोगद्यांतलं पाणी होतं. आणि अंतराळातली मोठी अडचणही तीच आहे. झिओलाइटला कार्बन डायऑक्साइडपेक्षा पाणी अधिक प्रिय. ओलसर हवा तशीच सोडली तर बोगदे पाण्यानेच भरतात, म्हणून हवा आधी कोरडी करावी लागते.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २ नोव्हेंबर २००० पासून माणसांचा मुक्काम अखंड आहे आणि तिथली हवाही अशाच खड्यांमधून फिरते. एक कप्पा वायू पकडत असतो, तेव्हा दुसरा दोनशे अंश सेल्सियसच्या आसपास तापून मोकळा होत असतो. साधारण अडीच तासांनी पाळी बदलते. हे खडे कारखान्यात घडवलेले असतात. साक्रीच्या विहिरीतला दगड उचलून यानात घातला तर निभावणार नाही, कारण निसर्गातल्या स्फटिकांत भेसळ फार आणि बोगद्यांचं माप एकसारखं नाही. घराणं मात्र एकच.

कागदावर ही व्यवस्था निर्दोष दिसते. प्रत्यक्षात खडे तापून, निवून, पुन्हा तापून तडकतात. त्यांची भुकटी होते, ती झडपांत जाऊन बसते आणि झडपा अडकतात. स्थानकावरच्या अंतराळवीरांनी यंत्र उघडून ही धूळ साफ करण्यात बरेच तास घालवले आहेत. २०२१ मध्ये सुधारित यंत्र वर पाठवलं गेलं, त्याची रचनाच धूळ कमी व्हावी आणि अडकू नये या हेतूने केलेली आहे. मला या सगळ्या कहाणीत हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रॉकेट आठ-दहा मिनिटांत आपलं काम संपवून मोकळं होतं. हवेचं यंत्र पहिल्या दिवशी जसं चालतं तसंच नऊशेव्या दिवशी चालावं लागतं, आणि मंगळाच्या वाटेवर सुट्या भागांची पेटी घेऊन कुणी येणार नसतं. सल्ला विचारायचा तरी पृथ्वी दूर असेल तेव्हा प्रश्न पोहोचायला वीस मिनिटं आणि उत्तर यायला पुन्हा वीस. झडप कुठे आहे, तिथे हात पोहोचतो का, ती कोणत्या पान्याने उघडते, हे प्रश्न अशा यानाच्या आराखड्यात पहिल्या पानावर यायला हवेत.

पकडलेल्या कार्बन डायऑक्साइडचं पुढे काय? पूर्वी तो सरळ बाहेर सोडून देत, आणि त्याच्यासोबत त्यातला ऑक्सिजनही जाई. पाण्यातून वीज सोडली की ऑक्सिजन आणि हायड्रोजन वेगळे होतात, ऑक्सिजन श्वासाला. उरलेला हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडबरोबर तापत्या उत्प्रेरकावरून नेला की मिथेन आणि पाणी मिळतं. पाणी पुन्हा फेऱ्यात येतं. असं यंत्र स्थानकावर २०१० मध्ये बसवलं. पण एका कार्बन डायऑक्साइडच्या रेणूला हायड्रोजनचे चार रेणू लागतात आणि तेवढा हायड्रोजन शिल्लक नसतो. मिथेनमधून तो बाहेरही जातो. त्यामुळे ऑक्सिजनचा फेरा निम्म्याच्या आसपास अडतो. हा अडसर काढण्यावर सध्या बरंच काम चालू आहे.

झाडं लावा की, असं कुणीही म्हणेल. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी क्रास्नोयार्स्कमध्ये १९७२ पासून बायोस-३ या ३१५ घनमीटरच्या बंद घरात माणसं ठेवली होती. गहू, भाज्या आणि शेवाळ यांच्यावर तिथली हवा बरीचशी चालत असे. अमेरिकेत ॲरिझोनात त्याहून अवाढव्य बायोस्फीअर-२ उभं राहिलं आणि १९९१ मध्ये आठ जण दोन वर्षांसाठी आत गेले. ऑक्सिजन हळूहळू २०.९ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांपर्यंत उतरला. जिन्याच्या चार पायऱ्या चढताना धाप लागायला लागली आणि शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. चोर दोन निघाले. सेंद्रिय खताने समृद्ध केलेल्या मातीतले जंतू ऑक्सिजन खात होते. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांना मिळायच्या आधी काँक्रीटच्या भिंती पिऊन टाकत होत्या. भिंतीलाही श्वासाच्या हिशेबात धरावं लागतं, हे तोवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

पाण्याचा हिशेबही असाच अनपेक्षित जागी अडला. स्थानकावर लघवी, घाम आणि श्वासातली वाफ यांच्यापासून पिण्याचं पाणी बनतं. लघवीतून ८५ टक्के पाणी मिळवायचं, असा आराखडा होता. २००९ मध्ये ऊर्ध्वपातनाचं यंत्र बंद पडलं. उघडल्यावर आत कॅल्शियम सल्फेटचा थर सापडला. पृथ्वीवर चाचण्या झाल्या होत्या, तेव्हा हे का दिसलं नाही? कारण वजनरहित अवस्थेत माणसाची हाडं महिन्याला एक ते दीड टक्का झिजतात आणि ते कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडतं. लघवी टिकावी म्हणून त्यात सल्फ्युरिक आम्ल घातलं जात होतं, त्याच्या सल्फेटशी या कॅल्शियमची गाठ पडली. काही काळ उद्दिष्ट कमी करून पाऊणशे टक्क्यांच्या आसपास भागवावं लागलं. पुढे फॉस्फरिक आम्ल वापरायला सुरुवात झाली. अंतराळवीराने रोज दोन तास व्यायाम करायचा तो त्याच्या कंबरेसाठी आणि पायांसाठी, हे खरंच. पण हाडं जेवढी कमी झिजतील तेवढा नळ्यांत हा थरही कमी साचेल.

२०२३ मध्ये एकूण पाण्याची पुनःप्राप्ती ९८ टक्क्यांवर पोहोचली. त्याआधी ती ९४ च्या घरात होती. चार टक्क्यांत असं काय मोठं? माणशी दिवसाला पावणेचार लिटर पाणी धरा. चार माणसांना ९०० दिवसांत साडेतेरा हजार लिटर लागतात. ९४ टक्के परत मिळालं तर आठशे लिटर पाणी सोबत न्यावं लागेल, ९८ टक्के मिळालं तर पावणेतीनशे पुरतील. हा ढोबळ हिशेब आहे, गळती आणि बिघाड यांना त्यात जागा नाही. पण शेवटच्या दोन-चार टक्क्यांसाठी इतकी वर्षं का झगडावं लागलं, ते त्यातून कळतं.

पाणी मोजून वापरण्याची गोष्ट साक्रीच्या शेतकऱ्याला नवी नाही. पांझरा नदीवर बंधारे घालून कित्येक शतकं फड पद्धतीने शेती झाली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात त्या वर्षी एकच पीक, मग जमीन कुणाचीही असो. पावसाळा संपल्यावर पाण्याचा अंदाज घेऊन कोणत्या फडात काय घ्यायचं ते गावाने बसून ठरवायचं. पाणी कमी असेल तर क्षेत्र कमी, पण ते सर्वांचंच. पाट सांभाळायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांचा मेहनताना सामाईक. लांबच्या मोहिमेतही हा गावकीचा भाग लागतोच. पाण्याचं यंत्र उत्तम असून भागत नाही. ते कुणी बघायचं, कमी पडलं तर कपात कुणाची करायची, हे आधीच ठरलेलं असावं लागतं. दोनशेव्या दिवशी, सगळे एकमेकांना विटलेले असताना ते ठरत नाही.

विटण्याला जागा तरी किती असते? मंगळाच्या मोहिमेत माणशी किमान २५ घनमीटर वावरण्याजोगी जागा हवी, असा निष्कर्ष नासाने बोलावलेल्या तज्ज्ञांनी काढला होता. आपल्या मापात सांगायचं तर नऊ फूट उंचीची दहा बाय दहाची खोली. मुंबईच्या चाळीत तेवढ्या जागेत अख्खं कुटुंब राहत आलं आहे, मग यात काय विशेष, असं वाटेल. पण चाळीला गॅलरी होती, जिना होता, खाली रस्ता होता. इथे दार उघडता येत नाही. वजन नसल्याने छत आणि भिंती वापरता येतात, एवढीच सवलत. झोपायच्या कोपऱ्यातही पंखा चालू ठेवावा लागतो. तिथे गरम हवा वर जात नाही, त्यामुळे पंखा नसेल तर झोपलेल्याच्या नाकाभोवती त्याचाच उच्छ्वास साचतो. पंखे चोवीस तास घुमतात आणि त्यांचा आवाज कमी करणं हे आखणीतलं स्वतंत्र काम होऊन बसतं. जमिनीवरही अशा मुक्कामाच्या तालमी झाल्या आहेत. मॉस्कोत २०१०-११ मध्ये सहा जण ५२० दिवस बंद राहिले. ह्यूस्टनमध्ये २०२३-२४ मध्ये चौघे त्रिमितीय छपाईने उभारलेल्या घरात ३७८ दिवस राहिले. भारतातली पहिली तालीम नोव्हेंबर २०२४ मध्ये लेहला सुरू झाली. इस्रोच्या मानवी अंतराळ उड्डाण केंद्राबरोबर तिच्यात आका स्पेस स्टुडिओ, लडाख विद्यापीठ आणि पवईची आयआयटी होती. ऑगस्ट २०२५ मध्ये लडाखमधल्याच त्सो कार खोऱ्यात आठ मीटर व्यासाच्या राहुटीत दहा दिवसांची मोहीम झाली. राहण्याची खोली एकीकडे, यंत्रांची पाच मीटरची खोली शेजारी. दहा दिवस म्हणजे नुसती चुणूक, पण विरळ, कोरडी, थंड हवा तिथे फुकट मिळते.

मुक्कामाला पोचल्यावर भिंती कशाच्या करायच्या, इथे दख्खनचा दगड, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा बेसॉल्ट, दुसऱ्यांदा उपयोगी पडतो. क्युरिऑसिटी यानाने मंगळाकडे जाताना रोज सुमारे १.८ मिलिसीव्हर्ट किरणोत्सार मोजला. पृथ्वीवर नैसर्गिक किरणोत्सार वर्षाला साधारण २.४ मिलिसीव्हर्ट असतो; म्हणजे वर्षभराचा साठा दीड दिवसात. प्रवासात त्याला अडवायला पाणी आणि प्लास्टिकसारखे हायड्रोजनयुक्त पदार्थ बरे, म्हणून पाण्याच्या टाक्या झोपण्याच्या जागेभोवती लावायची कल्पना पुढे येते. जमिनीवर उतरल्यावर मात्र दोन-तीन मीटर दगडमातीचं पांघरूण सर्वांत स्वस्त. चंद्रावरचे काळे डाग बेसॉल्टचेच आहेत. वरची कातडी थिजून आतला लाव्हा वाहून गेला की जमिनीखाली बोगदे राहतात. चांद्रयान-१ च्या चित्रांवरून अहमदाबादच्या शास्त्रज्ञांनी असा जवळपास पावणेदोन किलोमीटर लांबीचा, न ढासळलेला बोगदा ओळखला होता. घर बांधण्यापेक्षा अशा बोगद्यात घुसणं अधिक शहाणपणाचं, असं मानणारे बरेच जण आहेत आणि मीही त्यांच्यातला. विटा करायच्याच झाल्या तर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने आणि इस्रोने मिळून चांद्रमातीसारख्या भुकटीत युरिया, जीवाणू आणि गवारीच्या बियांचा डिंक मिसळून विटा घडवून पाहिल्या आहेत.

चंद्राच्या बेसॉल्टमध्ये झिओलाइट मात्र सापडणार नाही, कारण तिथे गरम पाणी झिरपलंच नाही. मंगळावर ते झिरपलं होतं. तिथल्या नीली फोसी भागात ॲनलसाइम या झिओलाइटच्या खुणा कक्षेतून दिसल्या आहेत.

विजेचा मुद्दा थोडक्यात. साक्री तालुक्यातच शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या सौरपंखांपासून मूळ रचनेत मिळणारी वीज सुमारे १०० किलोवॉट, म्हणजे त्याच्या हजाराव्या भागाहूनही कमी. तेवढ्यात हवा, पाणी, उष्णता आणि संशोधन, सगळं भागवायचं. मंगळावर ऊन पृथ्वीच्या ४३ टक्के पडतं आणि धुळीचं वादळ आलं की तेही जातं. २०१८ च्या वादळात ऑपॉर्च्युनिटी हे फिरतं यान कायमचं गप्प झालं. चंद्रावर चौदा दिवसांची रात्र असते. त्यामुळे या मुक्कामांसाठी लहान अणुभट्ट्यांचा विचार होतो.

भारताच्या गगनयानात तीन जण तीन दिवस राहतील असं ठरलं आहे. तेवढ्यासाठी एकदा वापरून टाकायचे डबे पुरतात. २०३५ पर्यंत पाच भागांचं भारतीय अंतराळ स्थानक उभारायचं, त्याचा पहिला भाग २०२८ मध्ये सोडायचा, हा पुढचा बेत आहे. तिथे हवा-पाण्याचा फेरा पूर्ण करावाच लागेल. डिसेंबर २०२३ मध्ये गोव्यात मनोहर पर्रीकर विज्ञान महोत्सवात इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी उघडच सांगितलं होतं की ही जीवनाधार व्यवस्था परदेशांकडून मिळेल असं आम्हाला वाटलं होतं, पण कुणी द्यायला तयार नाही, आता ती आपणच बनवणार.

असं परावलंबन जमिनीवरही अनुभवलेलं आहे. मे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, रुग्णालयांच्या आवारात हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे प्रकल्प घाईघाईने उभे राहिले होते. त्यांच्या टाक्यांतही झिओलाइटच असतं, फक्त तिथे ते नायट्रोजन धरून ठेवतं. त्यासाठी लागणारे एकसारख्या मापाचे खडे तेव्हा विमानं भरभरून युरोपातून आणावे लागले होते.